दळण सरलं होतं

"आता सतरावी वाचा, बाई," केराबाई म्हणाल्या आणि सुपातली तूर पुन्हा पाखडायला लागल्या.

मी पान उलटलं. प्रुफं सकाळीच छापखान्यातून आली होती, शाई अजून बोटांना लागत होती. पाच वाजेपर्यंत ती परत पोचवायची होती. रविवारी कॉलेजात पुस्तिकेचं प्रकाशन, आज शुक्रवार, आणि घड्याळात अडीच वाजून गेलेले. त्या पत्र्याच्या पडवीत माझा पाय एकसारखा हलत होता. समोर लोचना बसली होती, केराबाईंची लेक, आमच्या तालुक्यातली अंगणवाडी सेविका. साक्षरता अभियानात तिची माझी ओळख झाली आणि तिच्यामुळेच मला तिची आई सापडली. "सापडली" हाच शब्द मी तेव्हा वापरत असे, जसं काही केराबाई कुठं हरवल्या होत्या.

दोन महिन्यांपूर्वी मी त्यांच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. "छापा, माझं काय म्हननं न्हाई. पर माझ्या ववीखाली तुमी काय लिवलंय ते मला आधी वाचून दावायचं. मला पटलं तरच छापायचं." मला त्या अटीचं फार कौतुक वाटलं होतं. एम.ए.ला चौदा वर्षं लोकसाहित्य शिकवणाऱ्या बाईला अर्थ पटवायला कितीसा वेळ लागणार, असंही वाटलं होतं.

सोळा ओव्या सुखरूप पार पडल्या होत्या. मी सतरावी वाचली.

*आडाच्या वट्याखाली, आम्ही उभ्या साती जणी*
*ऊन आलं माथ्यावरी, कवा येशील पाटलिणी*

*उंचावरून धार पडं, घागर माझी खाली*
*अर्धी प्याली धरतीनं, अर्धी माझ्या वाट्या आली*

*फुलांच्या परकराची, पोर आली धावत*
*हात लावी घागरीला, हसू न्हाई मावत*

"बरोबर हाय," केराबाई म्हणाल्या. "आता तुमचं वाचा."

मी घसा साफ केला. खरं सांगते, सगळ्या पुस्तिकेत मला हाच अर्थ सर्वात चांगला साधला आहे असं वाटत होतं. "पहिल्या कडव्यात प्रतीक्षा आहे, देवाच्या दारी उभ्या असलेल्या भक्तासारखी आर्त. दुसऱ्या कडव्यात या कष्टकरी स्त्रीचं औदार्य दिसतं. सांडलेल्या पाण्याचंही तिला दुःख नाही, ते धरतीनं प्यालं असं ती म्हणते. आणि तिसऱ्या कडव्यातली बालिका म्हणजे येऊ घातलेल्या समतेची पहाट. तिच्या हसण्यावर ही ओवी संपते, आणि तिथूनच एका नव्या युगाची सुरुवात होते."

लोचनानं पदर तोंडाला लावला. हसू लपवतेय की काय, कळलं नाही.

"अवघड लिवलंय," केराबाई म्हणाल्या. "आमी उन्हात हुतो, बाई. देवाच्या दारात न्हवतो. आन् पानी सांडलं त्याचं दुख कसं न्हाई? पाटलीन वट्यावर उभी ऱ्हायची, घागर खाली. आपल्यावर शिंतोडा उडू ने म्हनून ती वरूनच वतायची. निम्मं भायेरच जायाचं. पुन्यांदा माग म्हनायची सोय न्हवती. ते काय मी धरतीला पाजलं व्हय?"

पेन काढून मी समासात खूण केली. "दुरुस्त करते, मावशी. बाकीचं ठीक आहे ना? त्या पोरीचं?"

"पुढलं वाचा."

"पुढं काही नाही. ओवी इथं संपते."

"कुनी सांगितलं?"

"टेपवर इथंच संपलीय. तुम्ही इथंच थांबलात."

"दळण सरलं हुतं," केराबाई म्हणाल्या. "तुमी शेरभर जवारी आनली हुती. शेरात जेवढ्या बसल्या तेवढ्या म्हनल्या. रिकामं जातं फिरवू ने आन् दाना नसताना ववी म्हनू ने. ह्या ववीचं दळण मोठं हाय."

मला ते आठवलं. कॅसेटची बाजू आणि सुपातली ज्वारी एकाच वेळी संपली, तेव्हा काय छान जमलं म्हणून मी टाळी दिली होती लोचनाला. ज्वारी मी प्रतीक म्हणून नेली होती. जातं फिरलं पाहिजे, टेपमध्ये घरघर आली पाहिजे, एवढाच त्या शेरभर दाण्यांचा हिशेब होता माझ्या मनात.

घड्याळाकडे बघत मी म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत घेऊ मावशी, उरलेली. आज वेळ नाही. त्यापेक्षा प्रस्तावना ऐका. तुमच्या या ओवीवरूनच मला सुचली ती."

आता या प्रस्तावनेबद्दल सांगायला हवं. त्या वेळी जिल्ह्यात माझं थोडंफार नाव होतं. महिला मेळावा असो, जयंती असो, शिक्षकांचं शिबिर असो, समतेवर बोलायला प्रा. मंदाकिनी साळुंके यांनाच बोलवायचं अशी पद्धत पडली होती, आणि त्याला कारण माझी घागरीची गोष्ट. ती मी शेदोनशे वेळा तरी सांगितली असेल. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, टाळ्या कुठं पडतात, सगळं पाठ झालेलं. तीच गोष्ट मी प्रस्तावनेत लिहिली होती, आणि केराबाईंच्या ओवीत तसलीच एक पोर भेटल्यावर तर मी हवेतच होते. गावोगावी माझ्यासारख्या पोरी होत्या तर, असं वाटून ऊर भरून आला होता.

मी वाचायला लागले. "मी सहा वर्षांची होते. आमच्या घरामागं आड होता. माझी आई रोज वस्तीतल्या बायकांना त्या आडाचं पाणी ओतायची, वरून, अंग चोरून. एके दिवशी मी धावत गेले आणि एका बाईच्या घागरीला दोन्ही हातांनी मिठी मारली. ती घागर गार होती. माझी आई किंचाळली. माझ्या गालावर चापट बसली, डोक्यावरून गार पाण्याची कळशी ओतली गेली. पण त्या चापटीनं माझे डोळे कायमचे उघडले. आयुष्यातली माझी पहिली बंडखोरी त्या घागरीच्या गार स्पर्शात आहे."

टाळ्या पडायच्या त्या इथं. सवयीनं मी थांबले.

सुपाचा आवाज थांबला होता.

"गाव कोन्तं तुमचं?" केराबाईंनी विचारलं.

"माहेर? सावरखेडा."

"सावरखेड्याची तू?" एवढा वेळ त्या मला तुम्ही म्हणत होत्या. "पाटलाची?"

"हो. तुम्हाला माहीत आहे सावरखेडा?"

केराबाईंनी सूप बाजूला ठेवलं, भिंतीला हात टेकत उठल्या. "लोचने, कणगीतली जवारी काढ. पायलीभर काढ. आन् जातं पूस."

"आई, त्यांना छापखान्यात जायचंय."

"जाईल. बस गं पोरी, दळण हुईस्तवर बस."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण माणूस स्वतःला किती वेळ फसवू शकतं याला काही माप नाही. मी चक्क टेपरेकॉर्डर काढला आणि लाल बटण दाबलं.

लोचनानं पडवीच्या कोपऱ्यातलं जातं पुसलं, मायलेकी समोरासमोर बसल्या. जातं एका हाताखालून दुसऱ्या हाताखाली जायला लागलं. केराबाईंनी सुरुवातीपासून म्हटलं. सात जणी आल्या, ऊन आलं, पाटलीण आली, धार आली, पोर धावत आली. तिच्या हसण्याशी टेप संपली होती, तिथून जातं पुढं गेलं.

*पोर गेली न्हायाला ग, आड झाला बंद*
*तीन दिस घागरीला, पान्याचा न्हाई गंध*

*वढ्याचं गढूळ पानी, पदरानं गाळिलं*
*लेकराला पाजताना, डोळं त्याचं टाळिलं*

मग बराच वेळ नुसतं जातंच फिरत राहिलं. सगळे दाणे संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. मी तशीच बसून होते, हातातल्या प्रुफांवर अंगठ्याचा काळा ठसा उमटत होता.

"ती घागर माझी हुती," केराबाई म्हणाल्या. कपाळावरचा घाम त्यांनी मनगटानं पुसला. "सावरखेड्यातच ऱ्हात हुतो आमी तवा. फुलाचा परकर हुता तुझा. आली आन् मिठीच मारली घागरीला. आमी सातीजनी हासलो बग. लेकरू ते. मग तुझ्या आयनं तुला मारलं. आमाला लई वाईट वाटलं. वस्तीत येऊन आमी तेच बोललो, आपल्यापायी त्या लेकराला मार बसला."

"आणि मग?"

"दुसऱ्या दिशी गेलो तर आडावर काटेरी झुडपांचा फास टाकलेला. तुझा बाप वट्यावर बसलेला. म्हनला, घागरी जवळ ठिवल्या म्हनून पोर शिवली, आता ऱ्हावा तसंच. तीन दिस. दिवस चैताचं. हिर न्हाई, नदी न्हाई, वढ्यात गुरं डुंबायची तेवढं डबकं. चौथ्या दिशी आमच्या पंचांनी पाया पडून फास काढाय लावला. तवापास्नं घागर वट्यापासून बारा हात लांब. मग तर धारच पोचंना. तुझी आय पानी वतायची आन् आमी नुसतं सांडलेलं बघायचं."

"मला हे कुणी सांगितलं नाही."

"तुला कोन सांगंल? तू न्हाऊन घरात गेलीस."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला पळून जावंसं वाटत होतं. ती चापट मी त्रेचाळीस वर्षं गालावर दागिन्यासारखी मिरवली होती. टाळ्या घेतल्या होत्या तिच्यावर. आणि ज्या बाईच्या घागरीला मी मिठी मारली, तिचं पुढं काय झालं, हे विचारायचं एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्या गोष्टीत ती बाई घागर धरण्यापुरतीच होती. तिला चेहरासुद्धा नव्हता.

"ओवीतलं लेकरू?" मी कसंबसं विचारलं.

"ही काय, बसलीया," केराबाई लोचनाकडे बघून म्हणाल्या. "वरीसभराची हुती. हगवन लागली पंधरा दिस. जगली."

लोचना जात्याभोवतीचं पीठ हातानं गोळा करत होती. तिनं मान वर केली नाही.

"मावशी, आता अर्थ काय लिहू?" मी विचारलं.

"अर्थ कशाला पायजे? झालं ते सांगितलंय. तुला काय लिवायचं ते तुजं तू बग."

चार वाजून गेले होते. मी उठले. रिक्षा मिळाली नाही म्हणून छापखान्यापर्यंत चालतच गेले, आणि वाटेत मी काय काय ठरवलं नाही. प्रस्तावना फाडून टाकायची. नवी लिहायची. ती पोर मीच असं सही करून छापायचं. बसस्टँडच्या चौकात येईतो हे सगळं नक्की होतं. मग कॉलेजच्या फाटकावरचा कापडी फलक दिसला, त्यावर माझं नाव. विद्यापीठातले पाहुणे येणार होते, प्राचार्यांनी वर्तमानपत्रांना कळवलं होतं. बाजारपेठेतून जाताना माझ्या मनात आलं, वडील जाऊन दहा वर्षं झाली, आता उकरून कुणाचं भलं होणार. छापखान्याच्या पायऱ्या चढताना मला पटलंसुद्धा होतं की, एवढ्या घाईत घेतलेले निर्णय चुकतात.

छापखान्याचे मालक चांदसाहेब चष्मा कपाळावर चढवून बसले होते. मी त्यांना पुढची दोन कडवी वाढवून दिली आणि सतराव्या ओवीखालचा अर्थ खोडला.

"मग इथं काय घालू, बाई? जागा राहते मोकळी."

"मोकळीच राहू द्या."

"आणि प्रस्तावना? ती छापायची बाकी आहे अजून. काही बदल?"

दुकानात यंत्राचा खडखडाट चालू होता. चांदसाहेब पेन्सिल धरून थांबले होते. "नाही," मी म्हणाले. "आहे तशी जाऊ द्या."

रविवारी दुपारी सभागृह भरलं. मंचावर मी आठवड्यापूर्वीच जातं मागवून ठेवलं होतं, त्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. केराबाई पांढऱ्या लुगड्यात पहिल्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी लोचना, मागं त्यांच्या वस्तीतल्या सात-आठ बायका. त्यांच्या नजरेला नजर देणं मी टाळत होते.

गोष्ट मला सांगावीच लागली नाही. प्राचार्यांनीच माझी ओळख करून देताना ती सांगितली, माझ्याच शब्दांत. घागर, चापट, गार पाण्याची कळशी. टाळ्या पडल्या. मी उठून हात जोडले. हात जोडताना बघितलं, वस्तीतल्या बायका टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

मग केराबाईंना मंचावर आणलं. झेंडूच्या माळा त्यांनी उचलून बाजूला ठेवल्या. जात्यात दाणे नव्हते, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी ओच्याची गाठ सोडली, घरून बांधून आणलेली ज्वारी काढली, आणि ओवी म्हटली, सगळी, शेवटपर्यंत. लेकराच्या डोळ्यांपाशी पाहुण्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. भले गृहस्थ होते. हातात माईक घेऊन त्यांनी विचारलं, "आजी, फार मोठी ओवी म्हटलीत. यातली ती फुलांच्या परकराची मुलगी, ती खरी आहे का हो? कोण होती ती?"

केराबाईंपासून मी चार हातांवर होते.

केराबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. जात्यावरचं पीठ सारखं करत त्या म्हणाल्या, "हाय की. खरीच हाय. तिला ठावं हाय ती कोन ते. तीच सांगंल."

लोकांना वाटलं, म्हातारी काहीतरी गूढ बोलली. कौतुकानं हसले. मला उभं राहायला एक क्षण पुरे होता, आणि तो क्षण चांगला लांबलचक होता, एवढं मी शपथेवर सांगते. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. मग आभारप्रदर्शन सुरू झालं.

जाताना केराबाई माझ्याजवळ थांबल्या. पिठाचं गाठोडं माझ्या हातात ठेवलं. "घे. भाकरी करून खा," म्हणाल्या. त्या पिठाच्या तीन भाकरी झाल्या. एकही मला धड गिळवली नाही.

त्यानंतर घागरीची गोष्ट मी पुन्हा सांगितली नाही. भाषणंच सोडली हळूहळू. लोक म्हणाले, मॅडमना प्रकृती साथ देत नाही. मीही तसंच सांगायचे. पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती कपाटात राहिल्या. केराबाईंकडे जायचं रोज ठरवायचे, आणि रोज काहीतरी निघायचं. त्यांच्या वस्तीवरून जाणारा रस्ताही मी सोडला.

बावीस वर्षांनी लोचनाचा फोन आला. "ताई, आई गेली. येत्या रविवारी जलदान विधी आहे. तिच्या ओव्या वाचायच्यात, तुमच्या पुस्तकातल्या. याल का?"

मी गेले. एकाहत्तरीची बाई, काठी टेकत. विहारापुढं मांडव होता, वस्ती सगळी जमलेली. केराबाईंचा फोटो होता, पुढं पाण्याचा तांब्या. लोचनाचे केस पांढरे झाले होते. तिनं पुस्तिका माझ्या हातात दिली, सतराव्या ओवीचं पान उघडून. ओवीखालची मोकळी जागा आता पिवळी पडली होती.

मी ओवी वाचली नाही. काठी खुर्चीला टेकवली आणि म्हणाले, "आधी एक सांगायचंय. या ओवीतली पोर मी आहे. सावरखेड्याच्या पाटलाची. हे पुस्तक छापलं तेव्हाही मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

मी वाट बघत राहिले, कुणी उठून जाईल, कुणी काही बोलेल. कुणीच चुळबूळ केली नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही.

लोचनानं पुढं होऊन मला खुर्चीत बसवलं, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून माझ्या हातात दिलं.

"ठाऊक आहे, ताई. दळण झालं त्याच दिवशी आईनं सांगितलं होतं सगळ्यांना. आम्ही तुमच्या तोंडून ऐकायचं म्हणून थांबलो होतो."

"बावीस वर्षं?"

"त्यात काय," लोचना म्हणाली. "तुमच्या घरच्यांची वाट बघायची सवय आहे आम्हाला. पाणी प्या, आणि ओवी वाचा आता."